तळ उचललेला डोळा

वऱ्हाडात नेत्रवैद्याच्या दारी होणारी गर्दी मुख्यत्वे मोतीबिंदूची आणि अलीकडे मधुमेहाची. परंतु अमरावतीस काय किंवा अकोल्यास काय, माझे कुतूहल ज्यांच्यापाशी अधिक रेंगाळत आले ते बाळपणापासून जाड भिंगांचा चष्मा वागविणारे, उणे दहा-बारा नंबरचे लोक होत. प्रौढ माणसाच्या डोळ्याची लांबी समोरून मागे सुमारे 24 मिलिमीटर भरते. यांचा डोळा 26 च्या हद्दीपलीकडे, क्वचित 30 पर्यंत गेलेला असतो, आणि त्याची मागची भिंत विरून बाहेरच्या बाजूस ढळते. या ढळलेल्या खोलगटास स्टॅफिलोमा म्हणतात.

अशा खोलगटात पीतबिंदू, म्हणजे अक्षर वाचण्याची ती मध्यवर्ती जागा, तळाशी बुडालेला असावा, असाच सर्वांचा समज होता. परंतु प्रकाशकिरणांच्या योगे पडद्याचे छेद दाखविणारे ओसीटी यंत्र हाती आल्यावर, 2008 साली पॅरिसच्या गोशे, गोद्रिक प्रभृतींनी नमूद केले की काही डोळ्यांत, परातीच्या तळास खालून ठोसा बसावा तसा, पीतबिंदू उलट आत उचललेला असतो. पुढे 2011 साली इमामुरा, स्पेड आदींनी त्याखालचे श्वेतपटल आसपासच्या मानाने जाड असल्याचे दाखविले. ही जाडी मुळात का राहते, याचा खुलासा मात्र अद्याप तर्काच्याच दप्तरी आहे.

अकोल्यात कापसाच्या अडतीवर हिशेब लिहिणारे एक गृहस्थ आले. "डाक्टरसाहेब, वहीची रेघ वाकडी दिसून राह्यली," एवढीच त्यांची फिर्याद. पडद्याखाली पाणी होते, आणि पाणी दिसले की इंजेक्शनाची सुई उचलण्याची आम्हा लोकांस जी घाई होते, तिचा निषेध मी येथे मुद्दाम रुजू करतो. उंचवट्याच्या माथ्यावर साचणारे पाणी पुष्कळदा कोणत्याही नव्या रक्तवाहिनीवाचून साचते, सेंट्रल सीरस नामक निराळ्या विकाराचे सोंग घेते, महिनोन्महिने घटते-वाढते, आणि नव्या वाहिन्या रोखणाऱ्या औषधास सहसा दाद देत नाही. लेझर व पोटातील गोळ्या यांचाही गुण एकसारखा येत नाही. तेव्हा दर्यापूर-बाळापूरच्या माणसास, कर्ज काढून, महिन्यागणिक सुई टोचून घेण्यास लावणे मला रास्त वाटत नाही.

याउलट, याच डोळ्यांत खरोखरीची नवी वाहिनी उगवली, तर दिरंगाई घातक; तेथे तेच औषध वेळेवर दिल्यास दृष्टी राखली जाण्याची आशा असते. पाण्याची ही दोन कुळे ओळखावयाची तर नसेतील रंगाची तपासणी किंवा ओसीटी-अँजिओग्राफी करावी लागते. आणि एक साधी गोष्ट, जी घाईत सुटते, ती अशी की हा उंचवटा पुष्कळदा आडव्या कण्यासारखा असल्याने आडव्या छेदात तो सपाट भासतो व उभ्या छेदातच प्रकट होतो. यंत्र चालविणाऱ्या मुलांना मी म्हणूनच उणे सहाच्या पुढचा नंबर दिसताच, कोणी न सांगता, उभा छेद घेण्याची ताकीद देऊन ठेवली आहे.

उंचवट्याचा काही उपकारही असावा, असे कित्येकांचे मत आहे: मध्यभागी पडदा दुभंगण्याचा जो उपद्रव दीर्घ डोळ्यांस होतो, तो येथे बहुधा माथा सोडून उतारावर आढळतो. त्या गृहस्थांच्या डोळ्यात वाहिनी नव्हती. मी त्यांस चौकटीच्या रेघांचा कागद दिला, एकेक डोळा झाकून आठवड्यातून एकदा पाहण्यास सांगितले, रेघ अधिक मोडली किंवा मध्यभागी काळा डाग आला तर त्याच दिवशी निघून येण्याची सक्त सूचना केली, आणि सुई दिली नाही.