नाहॅनी : डोंगरांहून जुनी नदी

कॅनडाच्या वायव्य प्रदेशातली दक्षिण नाहॅनी नदी तिच्या काठच्या डोंगरांहून वयाने मोठी आहे. ती सपाटीवरून नागमोडी वाहत होती, तेव्हा तिच्याखालची जमीन हळूहळू वर उचलली जाऊ लागली. नदीने वाट सोडली नाही. जमीन जितकी वर आली तितका खडक कापत, जुनी वळणे तशीच ठेवून ती खाली उतरत गेली. तिच्या चार मोठ्या घळींत काही कडे हजार मीटरपर्यंत उंच आहेत. अलीकडच्या हिमयुगांतला बर्फ पहिल्या घळीच्या परिसरात पोचला नाही, म्हणून ही वळणे घासली न जाता टिकली.

इथे १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या अगदी पहिल्या यादीत त्याचा समावेश झाला. २००९ मध्ये ते वाढवून सुमारे ३०,००० चौरस किलोमीटर करण्यात आले. इथल्या मूळनिवासी देने लोकांच्या जमिनीच्या हक्कांची बोलणी पूर्ण झालेली नसल्याने त्याच्या अधिकृत नावात ‘राखीव’ हा शब्द आहे. त्यांच्या भाषेत नदीचे नाव नाहा देहे. हे नाव प्रवाशाने आधी शिकावे, कारण ही माणसांची वापरती भूमी आहे, ओसाड जागा नव्हे.

उद्यानात जायला रस्ता नाही. फोर्ट सिम्पसनसारख्या गावाहून पाण्यावर उतरणारे छोटे विमान माणसे, होड्या आणि शिधा नेऊन सोडते. हंगाम जून ते ऑगस्ट एवढाच. अस्वलांचा मुलूख असल्याने अन्न घट्ट झाकणाच्या पिंपांतून न्यावे लागते.

वरच्या भागात रॅबिटकेटलचे झरे आहेत. त्यांच्या पाण्यातला चुना थरावर थर साचून पायऱ्यापायऱ्यांचा २७ मीटर उंच ढिगारा झाला आहे. थर इतके ठिसूळ आहेत की उद्यानाच्या कर्मचाऱ्यासोबतच वर जाता येते, तेही बूट काढून. वर्षानुवर्षे साचलेली कड टाचेच्या एका दाबाने मोडू शकते.

तिथून काही दिवसांच्या प्रवासानंतर व्हर्जिनिया धबधबा लागतो. नव्वद मीटरहून अधिक उंचीची ही उडी नायगाऱ्याच्या जवळपास दुप्पट आहे. मधोमध उभा असलेला सुळका पाणी दोन भागांत फोडतो. धबधबा कडा झिजवत मागे सरकला आणि त्यानेच खालची चौथी घळ कोरली. होडीतून इथे पुढे जाता येत नाही. किलोमीटरभराहून लांब पायवाटेने सगळे सामान खाली न्यावे लागते. होडी पालथी करून डोक्यावर घेतली की वाहणाऱ्याला समोरच्या माणसाच्या टाचांपलीकडे काही दिसत नाही. धबधबा मात्र पूर्ण वेळ ऐकू येतो. सामान नेण्याचे काम एका खेपेत होत नाही आणि अख्खा दिवस तिथेच जातो. तो वाया गेला असे कुणी मानू नये.

घळींचे आकडे उलटे वाटतात. धबधब्याखाली आधी चौथी लागते, शेवटी पहिली. कारण क्रमांक देणारे सोन्याच्या शोधात खालून प्रवाहाविरुद्ध चढत आलेले होते. अल्बर्ट फेल हा त्यांतला सर्वांत चिवट. त्याने १९२७ पासून अनेक वर्षे नदी पालथी घातली. घळींच्या टप्प्यातली एक अवघड जागा इंग्रजी आठच्या आकाराच्या खळाळाची. पाणी कड्यावर आदळते आणि दोन्ही बाजूंना भोवरे फिरतात. इथे होडी काठाला लावून, वर चढून, आधी पाणी वाचावे. पाणी बर्फासारखे थंड असल्याने उलटलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात. पहिल्या घळीच्या खालच्या टोकाशी गंधकाच्या वासाचे क्राउस हे गरम झरे आहेत. थंडीने आखडलेले अंग तिथे सुटते.

त्यानंतर डोंगर संपतात, नदी अनेक फाट्यांत विखुरते आणि नाहॅनी ब्यूट या गावापाशी लिअर्ड नदीला मिळते. लिअर्डचे पाणी पुढे फोर्ट सिम्पसनला, विमान जिथून उडाले होते तिथेच, मॅकेन्झी नदीत जाते.