हौशींनी लिहिलेले नियम

बडोद्याच्या खेळांचा विषय निघाला की घडियाळी पोळ, दांडिया बाजार, रावपुरा इथली आम्ही मराठी माणसे सयाजीरावांचे नाव घेतो आणि तिथेच थांबतो. मला हे अपुरे वाटते. महाराजांचे ऋण मोठेच. पण या शहराने देशी खेळांना दिलेले सर्वांत टिकाऊ देणे एका हौशी संस्थेचे आहे. हिंदविजय जिमखान्याने 1923 साली हुतूतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे, नियम छापले, आणि त्याच वर्षी बडोद्यात अखिल भारतीय सामने झाले. क्लबाने किती ढाली जिंकल्या यावरून त्याचे मोल ठरवू नये. परगावच्या अनोळखी गड्याला आपल्याशी निर्धास्त खेळता येईल अशी सोय त्याने केली का, हे पाहावे.

ही सोय साधी नव्हती. हुतूतू गावोगाव होता, पण एकसारखा नव्हता. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बसलेला गडी उठतो; गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच; अमरमध्ये तो मैदान सोडतच नाही, नुसते गुण मोजले जातात. एका वस्तीत हे निभते, कारण भांडण झाले तर कोणीतरी थोरला निकाल देतो आणि तो सगळे ऐकतात. दोन शहरांचे संघ समोर आले तर थोरला कोणाचा मानायचा? अंगाला अंग भिडणाऱ्या, पकडीत हातपाय मोडू शकणाऱ्या खेळात हा प्रश्न फार जिव्हाळ्याचा असतो. रग्बीचेही तसेच. 1823 साली विल्यम वेब एलिस चेंडू हातात घेऊन धावला ही दंतकथा सगळे सांगतात. खेळाला खरा आकार आला तो 1845 मध्ये, रग्बी शाळेतल्या मुलांनी नियम लिहून काढले तेव्हा.

कोणी म्हणेल, हे सारे राजाश्रयामुळे झाले. आश्रयाने मैदान मिळते, बक्षीस मिळते. चढाई करणाऱ्याचा दम कुठे तुटला हे मात्र खेळणाऱ्यांनाच ठरवावे लागते. दुसरा आक्षेप पुण्याचा: डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम 1914 मध्येच बांधले होते, मग बडोद्याचे विशेष काय? माझ्या मते पहिला मान कोणाचा हा वादच गौण आहे. एका गावाने बांधलेला नियम दुसऱ्या गावाने वापरून, दुरुस्त करून घेतला की तो दोघांचा होतो. तिसरा आक्षेप मला खरोखर बोचतो. एक नियम आला आणि गामिनी, अमर हळूहळू मागे पडले. ही हानी मी नाकारत नाही. तरी एकच ठरलेला खेळ नसता, तर 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकांच्या खेळांत जागा कशी मिळाली असती? आणि जुन्या तऱ्हा पुसून जाऊ नयेत ही कळकळही बडोद्यातच दिसते. द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली 1936 पासून मराठी व्यायामज्ञानकोशाचे 10 खंड निघाले, तेही गुजरातीभाषक मुलखातल्या याच शहरातून.