तरणे आणि तरंगणे

'तरणे' आणि 'तरंगणे' ही दोन क्रियापदे मराठीत शेजारी नांदतात, पण त्यांचे स्वभाव निराळे आहेत. तरणारा पैलतीर गाठतो. तरंगणारा केवळ पाण्याच्या वर राहतो. दोघांच्याही मुळाशी संस्कृतातील 'तॄ' हा धातू. तीर, तीर्थ, तारू, अवतार, निस्तरणे हे शब्दही त्याच घरातले. 'तारण'ही त्यातलेच, मात्र सावकाराकडे तारण ठेवलेले शेत नेमके कोणाला तारते, हे आमच्या आजोबांच्या पिढीने शब्दकोश न उघडताच ओळखले होते. 'उतरणे'ही याच कुळातले. मैदानातील माणसांना ढग आभाळात तरंगताना दिसतात. भीमाशंकरच्या माथ्यावर श्रावणात ते अंगणात उतरतात आणि समोरचा माणूस हाकेवरूनच ओळखावा लागतो.

शेतात तरंगणे हा गुण मानला जात नसे. भाताचे बी पेरण्यापूर्वी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ते ओततात. वर तरंगते ते पोचट, ते काढून टाकायचे. तळाशी बसते ते स्वच्छ धुऊन, सावलीत वाळवून पेरायचे. खाचरात लावलेले रोप मूळ न धरता पाण्यावर आले, तर तेही वाया गेले. उलट ताक घुसळताना लोणी वर आले की आजीचा चेहरा खुले. वर येण्याचे हे दोन्ही अर्थ आम्ही एकाच उंबऱ्याच्या आतबाहेर शिकलो.

पाण्याशी आमची खरी ओळख मात्र डिंभे धरणाने करून दिली. आहुप्याकडून येणारी घोड नदी डिंभ्याजवळ अडवली गेली आणि मागे हुतात्मा बाबू गेनू सागर पसरला. विदेशी कापड नेणाऱ्या ट्रकसमोर १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते आंबेगावच या पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावात, गाव तळाशी आणि नाव तेवढे कागदोपत्री तरंगत राहिले. तोवर 'बुडीत' हे विशेषण आम्ही फक्त कर्जाला लावलेले ऐकले होते.

आमच्यापैकी अनेकजण महादेव कोळी. 'कोळी' म्हटले की शहरातील माणसाला होडी आणि समुद्र आठवतो. आमचे वाडवडील डोंगरातले, भात-नाचणी पिकवणारे, हिरडा गोळा करणारे. त्यांना उतारवयात पाण्यावर बसायला शिकावे लागले. होडीची ऐपत नव्हती. ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब हेच तारू. आपल्याच बांधावर कित्येक पुरुष पाणी चढलेले, आणि त्यावर ट्यूबमध्ये बसून जाळे सोडणारा माणूस. काठावरून पाहणाऱ्याला ते दृश्य मोठे शांत वाटे. पुढे 'शाश्वत' या संस्थेच्या साथीने माणसे संघटित झाली, मच्छीमारांची सहकारी सोसायटी उभी राहिली, उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळात पिके घेतली जाऊ लागली. या कामाला २०१२ साली इक्वेटर पारितोषिक मिळाले. तरंगणे संपून तरणे सुरू झाले ते तेव्हा, असे आम्ही म्हणू. तेही सर्वांच्या बाबतीत नव्हे.

इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते, म्हणजे ती आमच्या डोंगरच्या पाण्याची सोयरीच. शूद्राने धर्म सांगू नये या आग्रहापायी तिच्यात तुकोबांच्या वह्या बुडवाव्या लागल्या. तेरा दिवसांनी त्या वर आल्या, ही श्रद्धेची कथा. आम्हांस त्याहून मोलाचे वाटते ते हे, की वारकरी 'गाथा तरली' असे म्हणतात. कागद तरंगतो, तरते ते लोकांच्या कंठात राहिलेले. त्याच तुकोबांचा अभंग 'मूकनायक'च्या शिरोभागी होता. ३१ जानेवारी १९२०च्या त्याच्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी समाजाला आगबोटीची उपमा दिली आहे: दुसऱ्या उतारूच्या खोलीला छिद्र पाडणारा आज ना उद्या स्वतःही तिच्याबरोबर बुडतो.

ती आगबोट आम्ही वसतिगृहात पाहिली. ज्याचे शेत धरणात गेले तो, आणि ज्याच्या उसाला त्याच धरणाच्या कालव्याचे पाणी मिळाले तो, एका खोलीत शेजारी-शेजारी झोपत. धरण चांगले की वाईट, यावर दिवा मालवल्यावरही वाद चाले. एकदा तर दोघे आठवडाभर बोलले नाहीत. वाद मिटला असे नाही. पण गावाकडून आलेली सुकट आणि गावाकडून आलेला गूळ एकाच ताटात पडू लागला.

तथागतांनी धम्माला तराफ्याची उपमा दिली, पैलतीर गाठल्यावर जो डोक्यावर वाहून न्यायचा नसतो. गुणपत्रिकेवरचा 'उत्तीर्ण' हा शब्दही मूळचा नदीकाठचाच. त्याचा अर्थ पार गेलेला. आमच्यापैकी अनेकांच्या घरात तो प्रथमच आला आणि मोठ्याने वाचून दाखवावा लागला. एका माउलीने गुरुजींना विचारले, "म्हंजी पोरगं पल्याड गेलं का?" गुरुजी होय म्हणाले. तिने कागदाची घडी करून कनवटीला लावली आणि पुढचा कागद कधी मिळतो, असे विचारले.