ज्याची चारी, त्यालाच पाणी

पुण्यातल्या एका कंपनीचे सर्व्हर मी माजलगावात बसून सांभाळतो. लॅपटॉप, बऱ्यापैकी इंटरनेट आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर, एवढ्यावर हे काम होतं. त्यासाठी मी अ‍ॅन्सिबल वापरतो. मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये ते आणलं, २०१५ मध्ये रेड हॅटने विकत घेतलं. सर्व्हरवर काय हवं ते प्लेबुक नावाच्या फाइलमध्ये लिहायचं. अ‍ॅन्सिबल एसएसएचने प्रत्येक सर्व्हरवर जाऊन तेवढं करून येतं.

साइट्सवर माणसांना शिरायला लागणाऱ्या एसएसएच चाव्या टाकायचं जे प्लेबुक माझ्या हाती आलं, ते आधीच्या कुणीतरी लिहिलेलं होतं. एक यादी साइट्सची, दुसरी माणसांची, आणि दोन्हींवर मिळून 'विथ नेस्टेड' हा लूप. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलाने ते चाचणीच्या मशीनवर चालवलं आणि स्क्रीनकडे बघत म्हणाला, "दादा, हे तर समद्यांच्या चाव्या समद्या साइटवर टाकायलंय की!"

त्याने बरोबर पकडलं होतं. पगाराच्या साइटवर ज्याचं काहीच काम नाही, त्यालाही तिथे शिरता येत होतं. मला हे फार गंभीर वाटतं. प्लेबुक कुठेही अडत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, म्हणून असं वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही.

पोरगं शेतकऱ्याचं, म्हणून त्याला कालव्याचंच उदाहरण दिलं. पैठणहून १३२ किलोमीटर येणारा उजवा कालवा आपल्या माजलगाव धरणात पडतो. धरणातून पुढे कालवा, कालव्याला वितरिका, वितरिकेला चाऱ्या. "तुमच्या चारीला पाणी कोणत्या वितरिकेचं?" "आमच्याच की, दादा." 'विथ नेस्टेड' मात्र प्रत्येक वितरिकेचं पाणी प्रत्येक चारीला सोडतं. प्रत्येक युजरला प्रत्येक डेटाबेसवर हक्क द्यायचा असेल, तर तेच हवं. आम्हाला मात्र ज्याचं त्याला द्यायचं होतं.

मग आधी यादीच बदलली. माणसांची वेगळी यादी मोडली आणि प्रत्येक साइटच्या पोटात तिची माणसं लिहिली. त्यावर 'सबएलिमेंट्स' लावलं, की साइट आणि तिचाच माणूस अशी जोडी हाती येते. एखाद्या साइटला माणसांची यादीच नसेल तर काम तिथे मोडतं. 'स्किप मिसिंग' दिलं की ती साइट वगळून पुढे जातं.

पुढे एकेका माणसाच्या दोन-दोन चाव्या निघाल्या, म्हणजे तिसरी पातळी. 'सबएलिमेंट्स' दोनच पातळ्यांचं. अ‍ॅन्सिबलमध्ये ब्लॉकवर, म्हणजे एकत्र बांधलेल्या कामांवर, लूप लागत नाही, म्हणून आतलं काम वेगळ्या फाइलमध्ये ठेवून 'इन्क्लूड टास्क्स'ने बोलवावं लागतं. बाहेरच्या आणि आतल्या, दोन्ही लूपमध्ये चलाचं नाव 'आयटम'च असतं, त्यामुळे आतलं बाहेरच्याला झाकतं. 'लूप व्हार'ने बाहेरच्याला 'साइट', आतल्याला 'माणूस' अशी नावं दिली की गोंधळ संपतो आणि फाइल वाचतानाही अर्थ लागतो.

खरी कसोटी माणूस सोडून गेल्यावर लागते. यादीतून नाव काढलं तरी सर्व्हरवर त्याची चावी तशीच राहते. 'ऑथराइज्ड की' मॉड्यूलला 'एक्स्क्लुझिव्ह' नावाचा पर्याय आहे: दिलेल्या चाव्या ठेवतो, बाकी पुसतो. पण त्याला लूप कळत नाही. प्रत्येक फेरीत तो आधीच्या फेरीची चावी पुसतो आणि शेवटी एकट्या शेवटच्या माणसाची चावी उरते! म्हणून इथे आतला लूप काढूनच टाकला. लूप फक्त साइट्सवर. त्या साइटच्या सगळ्या चाव्या 'जॉइन'ने एकाखाली एक अशा ओळींत जोडून एकदाच द्यायच्या. तिसऱ्या पातळीसाठी केलेली वेगळी फाइलही त्यामुळे लागेनाशी झाली.

आता कुणी आलं की यादीत नोंद वाढते, गेलं की कमी होते. प्लेबुकला हात लावावा लागत नाही. तुमच्याकडे असं जुनं प्लेबुक असेल, तर ते चेक मोडमध्ये चालवून कुणाची चावी कुठे जाते आहे, ते एकदा नीट वाचा.