काढलेले फोटो काढणे

आमच्या घराण्यात आजवर कुणी काही टाकून दिल्याची नोंद नाही. श्रीखंड संपतं, पण श्रीखंडाचा डबा राहतो. साडी विरते, पण साडीचा खोका राहतो. खोका फाटला तर त्याची सुतळी राहते, आणि ती गुंडाळून ठेवायला पुन्हा श्रीखंडाचा डबा लागतो. त्यामुळे आमच्या कॉम्प्युटरने एके दिवशी 'जागा शिल्लक नाही' असं जाहीर केलं, तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. वस्तू आमच्या घरात आली, की तिला घरचं वळण लागणारच.

"अहो, मागच्याच वर्षी मोठी डिस्क घेतलीत ना?" हिने विचारलं.

घेतली होती. एक टेराबाइटची. खोक्यावर तसं छापलंही होतं. पण कॉम्प्युटरला जोडल्यावर त्याने ती ९३१ जीबीचीच भरवली. मला वाटलं, दूधवाल्याचं माप इथेही आलं! चिरंजीवांनी समजावलं, की यात लबाडी नाही. डिस्कवाले १०००च्या पटीत मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४च्या. दोघंही खरं बोलतात आणि मधल्या मध्ये ६९चा आकडा गळतो. अंदाजपत्रकाबाहेर असा हिशेब मी प्रथमच पाहिला.

तपासाअंती गुन्हेगार सापडले. एक्केचाळीस हजार फोटो! शिवाय त्यांची एक प्रत, 'असू दे' म्हणून त्या प्रतीची आणखी एक प्रत, आणि वर व्हिडिओ.

"बाबा, फोटो काढा," चिरंजीव म्हणाले.

मी खिशातून फोन काढला.

"तसे नाही! काढून टाका!"

आपल्या भाषेची ही एक गंमत आहे. फोटो घेणं म्हणजेही काढणं आणि फोटो नाहीसा करणं म्हणजेही काढणं. फरक एवढाच, की पहिल्या काढण्याला आता सेकंदही लागत नाही आणि दुसऱ्याला जन्म पुरत नाही.

पूर्वी असं नव्हतं. आमच्या अण्णांकडे अॅग्फाचा क्लिक-थ्री कॅमेरा होता. त्याच्या रोलमध्ये फोटो १२. बारा म्हणजे बाराच. मुंजीचे पाच, पन्हाळ्याचे चार, उरलेले तीन दिवाळीपर्यंत पुरवायचे. अण्णा आत्याला खुर्चीवर बसवत, आम्हा पोरांना पुढे मांडी घालायला लावत, काकांना मिशी सारखी करायला सांगत, आणि एवढं सगळं झाल्यावर आकाशाकडे बघून म्हणत, "आत्ता नको. ढग आलाय." कॅमेरा परत पिशवीत. म्हणजे नको असलेला फोटो ते काढण्यापूर्वीच काढून टाकत! निवड आधी, खटका नंतर. आता खटका आधी, आणि निवड करायला पेन्शनीत वेळ मिळेल ही आशा.

ज्याने हा उद्योग सुरू केला, त्याच्या तरी मनात इतकं कुठे होतं? १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. आणि एका कॅसेटवर फोटो किती, तर ३०. रोलमध्ये २४ नाहीतर ३६ असत, म्हणून त्याने मधला आकडा धरला. भला माणूस! तीस फोटोंत आमची एक भेळ होत नाही. प्लेट समोर आली, की खाण्यापूर्वी तिचेच सात.

रविवारी चहा घेऊन आम्ही कामाला बसलो. पहिल्या धडाक्यात 'शुभ सकाळ'चे गुलाब गेले. मग विसर्जनाचे व्हिडिओ. फोर-के म्हणतात तो एका मिनिटाचा व्हिडिओ पन्नासएक फोटोंची जागा सहज खातो, आणि आमच्या व्हिडिओंत सबंध मिनिटभर पुढच्या माणसाचं डोकं अतिशय स्पष्ट दिसतं. पुढे मात्र गाडी अडली. महाबळेश्वरच्या एकाच कठड्यापाशी आम्ही उभयता अकरा वेळा उभे होतो.

"यातले दहा काढू," मी म्हणालो.

"हा नको काढू. यात माझी साडी छान आलीय."

"पण माझे डोळे मिटलेत."

"म्हणूनच तुम्ही बरे दिसताय."

दुपारपर्यंत पाच हजार फोटो पुसले. जागा होती तेवढीच! कारण पुसलेला फोटो जात नाही, कचऱ्याच्या टोपलीत जाऊन बसतो. विंडोजमध्ये ही टोपली १९९५ साली आली. आमचा माळा न पाहता त्यांनी ती कशी रचली, देव जाणे! फोनमध्ये तर पुसलेला फोटो पुष्कळदा तीस दिवस तसाच राहतो. माणसाचं सुतक दहा दिवसांत फिटतं. भेळेचं महिनाभर चालतं.

टोपली रिकामी करण्यापूर्वी चिरंजीवांनी एकवार नजर फिरवली. "बाबा, हे बघा. नुसते अंगठे! एकशे चाळीस आहेत. टाकू?"

मी बघितलं. तांबूस, धूसर, निम्मा फोटो अडवणारा एक अंगठा. मागे कुठे आमचं जेवणाचं टेबल, कुठे नातीचा फ्रॉक, कुठे अंगणातली जास्वंद.

अण्णांच्या हाती फोन आला तो शहात्तराव्या वर्षी. बाराची शिस्त पाळलेल्या माणसाला एकदम मोकळं रान मिळालं. दिवसभर फोटो काढायचे, आणि प्रत्येकात अंगठा. कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांची झोकदार सही बघून साहेब आपली सही लपवीत म्हणे. अण्णांना जाऊन आता तीन वर्षं झाली. जुन्या फोटोंत ते कुठेच नाहीत, कारण ते सगळे त्यांनीच काढलेले. ऊन पाठीशी घेऊन उभं राहायचा त्यांचा नियम, म्हणून आमच्या पायांपाशी त्यांची सावली तेवढी आली आहे.

"टोपलीतून बाहेर काढ," मी म्हणालो. काढण्याचा हा तिसरा अर्थ चिरंजीवांना बरोबर कळला.

"वेगळं फोल्डर करतो. नाव काय देऊ?"

"अण्णांच्या सह्या," ही आतून म्हणाली.