खापरपणजोबांची कलाली

कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून जुने गठ्ठे बाहेर निघाले. काय काय तपासायचं त्याची यादीच निघाली होती. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, गाव नमुना १४, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर. आणि त्यांच्याच पंक्तीला अबकारी खात्याची अनुज्ञप्ती नोंदवही, मळी नोंदवही, ताडी नोंदवही. माणसं त्या यादीत आपली जात शोधत होती. मी अबकारीच्या नोंदवह्यांपाशी थबकलो. आमच्या घरातला एक माणूस सापडला तर तिथेच सापडणार होता.

माझे खापरपणजोबा कंधारात दारूचा गुत्ता चालवत. लंडनला व्हिक्टोरिया राणी आणि हैदराबादला मीर महबूब अली खान, असा तो काळ. घरात त्यांची विहीर सांगत, लाल कंधारी बैलजोडी सांगत, काशी करून आले तेही सांगत. कलालीचं, त्या दारूच्या दुकानाचं, नाव मात्र कुणी काढत नसे. आत्याबाईंना विचारलं, तर त्यांनी सुपातली ज्वारी पाखडता पाखडताच उत्तर दिलं, "कशाला उकरायलास ते? विहिरीचं पाणी गोड हाय. तेवढं लिही की."

इंग्लंडात एखाद्याचा पणजोबा दारूचं दुकान चालवत असेल, तर त्याचा माग काढणं फारसं अवघड नसतं. १८४१पासून दर दहा वर्षांनी तिथल्या शिरगणतीत माणसाचं नाव आणि धंदा लिहिलेला आहे, परवान्यांच्या वह्या आहेत, गावोगावच्या दुकानदारांच्या छापील याद्या आहेत. निजामाच्या राज्यात पहिली शिरगणती १८८१ची. तिच्यात माणसं मोजली गेली. घरोघरच्या नावांचे कागद काही राहिले नाहीत. आपल्याकडे माणूस उरतो तो दोनच ठिकाणी, सरकारी वसुलीत आणि क्षेत्राच्या उपाध्यायांच्या वहीत.

वसुलीच्या कागदावर ते मला भेटले. कागद उर्दूत, अक्षर शिकस्ता, म्हणजे घाईनं पळणारं, नुक्ते गाळणारं. गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी तो वाचून दाखवला. त्या चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांपाशी नेला आणि आधी फसली सन सांगितला. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष आजूर महिन्यात, म्हणजे आपल्या ऑक्टोबरात लागायचं. मग मौजा, मग नाव, मग बापाचं नाव. आमच्या वंशावळीतली दोन्ही नावं एका ओळीत, परक्या लिपीत, उजवीकडून डावीकडे. माझ्या अंगावर काटा आला. पुढे जामीनदार, मग हप्ते. बहमनचा जमा, इस्फंदारचा बाकी. रक्कम हाली सिक्क्यात. बस. त्या माणसाबद्दल सरकारला एवढंच जाणून घ्यायचं होतं.

निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८६५च्या सुमारास जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्याचे जिल्हे पाडले, पगारी अंमलदार नेमले, महसुलाची घडी बसवली. अबकारीत मात्र बोलीनं गुत्ता द्यायची रीत चालत राहिली. एखाद्या टापूत दारू गाळायची आणि विकायची ती एकट्यानं; त्याबद्दल सरकारात ठरलेली रक्कम भरायची. पाऊस पडो न पडो, हप्ता चुकत नाही. म्हणजे गुत्तेदारानं लोकांना जास्त पाजावी, हे त्या व्यवस्थेतच रुजवलेलं होतं. जमीन महसुलाच्या खालोखाल अबकारीचं उत्पन्न असणारं ते राज्य. दारूचा कलंक गुत्तेदाराच्या घराला लागला, गादीला लागला नाही. हे मला सलतं. तरीही गुत्ता घ्यायची सक्ती त्यांच्यावर कुणी केली नव्हती. बोली त्यांनी आपल्या तोंडानं बोलली.

माल मोहाचा. कंधारच्या खडकाळ माळावर मोह कुठला! किनवट-माहूरच्या रानात चैत्राच्या आगेमागे पहाटे फुलं गळतात, गोंड आणि कोलामांच्या बायका-पोरं ती वेचतात, उन्हात वाळवतात. वाळली की मनुक्यासारखी तांबूस, चिकट होतात. ती भिजत घालायची, आंबू द्यायची, मग हंडा भट्टीवर. तोंड मातीनं लिंपायचं, नळीतून वाफ गार मडक्यात उतरवायची, मडक्यावर ओलं फडकं सारखं बदलत राहायचं. पहिल्या धारेची वेगळी काढायची, तिचा भाव वेगळा. हे काम करणारे हात दुसऱ्यांचे होते. रात्र रात्र धुरात बसणाऱ्या त्या माणसांचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

मन्याडच्या खोऱ्यात ओढ्याकाठी शिंदी. तिचा व्यवहार निराळा, परवाना निराळा, गिऱ्हाईकही निराळं. दारूला खरा हंगाम माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत यायचा. मार्गशीर्षातली थंडी, घोडे, उंट, गाढवं, दूरदूरचे व्यापारी, फडावर तमाशा. विकलेल्या जनावराचा पैसा कनवटीला असलेला माणूस घरी पोचेपर्यंत किती ठिकाणी अडत असेल!

आमच्या स्वयंपाकघरात एक पितळी नवटाक आहे. आई तिनं गोडेतेल मोजायची. काठ एका बाजूनं झिजून पातळ झालाय, बुडाला शिक्का आहे. तेल मोजून असा काठ झिजत नाही. रांजणाच्या कडेला रोज शेकडो वेळा घासून तो झिजलाय. हे माप तिथलंच, अशी माझी खात्री आहे. ते हातात घेतलं की मला पाजणारा दिसत नाही, पुढे केलेला हात दिसतो. आधी पैसा, पैसा संपला की तांब्या, मग चांदीचा वाळा, मग बांधाकडची पट्टी. कलालीच्या उधारीत भांडी-दागिने गहाण पडत, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारा. आमची विहीर आणि कलाली यांचा पैसा एकच आहे. गोड पाणी आम्ही पाच पिढ्या पितोय. त्याची किंमत ज्या घरांनी मोजली ती घरं गावात अजून असतील, त्यांची लेकरं माझ्याबरोबर शाळेत असतील.

वंशावळीत मी त्यांच्या नावापुढे कलाली लिहिलं. आत्याबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं, की दुकानाच्या मागच्या दारी बायका धन्याला न्यायला येत, आणि खापरपणजी त्या बायकांना आत बसवून भाकर द्यायची. "तिला पटत नव्हतं रे," म्हणाल्या. "पण बोलणार कुणापुढं?"

हैदराबादला तारनाक्यावरच्या अभिलेखागारात निजामी दफ्तर आहे. तिथे आता मला गुत्त्याचे हप्ते बघायचे नाहीत, रयतेचे अर्ज बघायचे आहेत. कंधारच्या एखाद्या बाईनं आमच्या खापरपणजोबांविरुद्ध दिलेला अर्ज निघाला, तर त्याची नक्कल मी वंशावळीला जोडणार आहे. आत्याबाईंना तसं सांगितलंय. त्या म्हणाल्या, "जोड. पण भाकरीचंबी लिही."