श्वासाचा वारसा

घराण्याची परंपरा पाठीशी असलेल्या कलावंताला आपले वाद्य प्रतिष्ठित आहे, हे सिद्ध करीत बसावे लागत नाही. ते काम पूर्वसूरींनी केलेले असते. सॅक्सोफोनवादकाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. बेल्जियममध्ये जन्मलेल्या अदोल्फ साक्स यांनी १८४६ साली या वाद्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे, पण नाद उमटतो तो बोरूसारख्या वनस्पतीच्या पातळ पत्तीतून. पॅरिसच्या राष्ट्रीय संगीत विद्यालयात १८५७ पासून साक्स स्वतः ते शिकवीत. १८७० मध्ये तो वर्ग बंद पडला, आणि पुन्हा सुरू झाला तो १९४२ साली, मार्सेल म्यूल यांच्या हाताखाली. मधली बहात्तर वर्षे गुरुपीठच रिकामे होते. वाद्य लष्करी बँडमध्ये वाजत राहिले, जाझमध्ये तर वैभवाला पोचले. अभिजात संगीताच्या दारी मात्र ते बहुधा उंबऱ्याबाहेरच राहिले.

या तुटलेल्या आणि पुन्हा जोडलेल्या धाग्याचे एक टोक फ्रेडरिक हेम्की यांच्या हाती आले. अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९३५ साली जन्मलेला हा तरुण म्यूल यांच्याकडे शिकला आणि १९५६ मध्ये त्या विद्यालयाचे सॅक्सोफोनवादनाचे प्रथम पारितोषिक मिळवणारा पहिला अमेरिकन ठरला. १९६२ मध्ये मिशिगन सरोवराकाठच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ते अध्यापक झाले आणि २०१२ पर्यंत, तब्बल पन्नास वर्षे, तेथेच राहिले. डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय निवडला तो सॅक्सोफोनच्या आरंभीच्या इतिहासाचा. ज्या वाद्याला कुळ नाही असे लोक म्हणत, त्याची कुळकथा त्यांनी लिहून काढली.

परंतु केवळ भूतकाळ शोधून परंपरा उभी राहत नाही. तिला नव्या रचना लागतात. स्वीडनचे संगीतकार अलान पेटरसन यांनी १९७९ साली आपली सोळावी सिंफनी हेम्कींसाठी लिहिली. संधिवाताने जखडलेल्या, वर्षानुवर्षे घराबाहेर न पडलेल्या त्या माणसाने आपली व्यथा एका परदेशी वादकाच्या श्वासावर सोपवली. १९८० मध्ये पेटरसन निवर्तले. १९८३ साली स्टॉकहोममध्ये हेम्कींनी ती प्रथम वाजवली, तेव्हा ती ऐकायला तिचा कर्ता नव्हता. वादकाचे उत्तरदायित्व किती जड असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल: रचनाकार गेला, कागद उरला, आणि त्या कागदाला प्राण द्यायचा तो दुसऱ्याच्या छातीतून.

अध्यापकाचे काम तरी याहून वेगळे काय असते? आपल्याला मिळालेला श्वास तो पुढच्यांच्या हवाली करतो. त्याचे ते काय करतील, हे त्याच्या हाती नसते. हेम्कींच्या शिष्यांत डेव्हिड सॅनबॉर्न यांच्यासारखे वादकही होते, ज्यांनी अभिजात मार्ग सोडून लोकप्रिय संगीतात नाव मिळवले. गुरूच्या वाटेने न जाणारा शिष्यही वारसच असतो.

२०१९ साली हेम्की गेले. साक्स यांच्या मागे वर्ग मिटला होता. हेम्कींच्या मागे तो चालू राहिला. पन्नास वर्षांच्या अध्यापनाचे फलित एवढेच, आणि ते थोडे नाही.